वीतभर विमानांचा इतिहास

भोकरदनच्या माणसाला आगगाडी धरायची तर जालना गाठावे लागते, आणि विमान धरायचे तर छत्रपती संभाजीनगर. अशा गावात राहून मी गेली कित्येक वर्षे जेट विमाने बांधीत आलो आहे असे सांगितले, की नवखा माणूस आधी माझ्याकडे पाहतो आणि मग माझ्या अंगणाच्या लांबीरुंदीकडे. विमाने आहेत ती बैठकीतल्या एका काचेच्या कपाटात. त्यांतले सर्वांत मोठे वीतभर आहे आणि सर्वांत लहान तळहातावर मावते. लाकूड, प्लास्टिक, लुकण आणि रंग एवढ्यावर त्यांचा संसार उभा आहे.

गल्लीतल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गुरुजी, हे उडतं का?" उडत नाही म्हटले की त्यांचा निम्मा उत्साह ओसरतो. मोठ्या माणसांचा प्रश्न निराळा असतो. ते चहाचा कप खाली ठेवतात, कपाटाकडे एकवार पाहतात आणि म्हणतात, "छान आहे. पण याचा उपयोग काय?" मुलांचा प्रश्न एका शब्दात संपतो. मोठ्यांच्या प्रश्नाला मात्र थोडे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना तेवढी सवड असेल असे धरून मी ते येथे देत आहे.

आधी आमच्या गावाचा एक जुना धागा सांगतो. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर ज्या दानशूरांची नावे कोरली आहेत त्यांत भोगवर्धनची माणसे आहेत. केळणा नदीच्या काठी १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळातल्या वस्तूंत हस्तिदंती कोरीवकामही निघाले. त्यातल्या एका स्त्रीमूर्तीचे साम्य कशाशी जुळावे? इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी! पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच भारतातून तिकडे पोचली होती. ती भोकरदनच्याच कारागिराच्या हातची असावी, असे काही विद्वानांना वाटते. तिची उंची साधारण २४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरच. तिच्या कमरपट्ट्याचे, पायांतल्या वाळ्यांचे, वेणीचे काम पाहून आज आपण त्या काळच्या अलंकारांविषयी बोलतो. कारागिराने वाळे अंदाजाने कोरले असते, तर आपल्या हाती नुसती एक सुंदर बाहुली आली असती. त्याने ती पाहून, मोजून कोरली, म्हणून ती साक्षीदार झाली.

आता प्रमाणाविषयी. पुण्यामुंबईकडची मुले दिवाळीत अंगणात किल्ला करतात. त्या किल्ल्यावर दिंडी दरवाजापेक्षा मावळा उंच असतो, आणि सिंहासनावरचे महाराज तर बुरुजापेक्षाही मोठे असतात. भक्तीच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. पण त्या दरवाजातून हत्ती कसा जात असेल, हे त्या किल्ल्यावरून सांगता यायचे नाही. ते सांगायचे तर दरवाजा, मावळा आणि हत्ती या सर्वांना एकाच पटीने लहान करावे लागेल. विमानांच्या नमुन्यांत ही पट बहुधा एकास बहात्तर असते. हा आकडा आला इंग्रजांच्या फूट-इंचांतून. सहा फुटी माणूस म्हणजे बहात्तर इंच. त्याला बहात्तरांनी भागले की एक इंचाचा माणूस मिळतो. १९३०नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाने लाकडी विमानांचे संच निघाले, त्यांनी हे माप रूढ केले. १९३६ साली 'फ्रॉग' कंपनीने त्याच मापात प्लास्टिकचे संच काढले.

पुढे महायुद्धाने या खेळण्याला कामाला लावले. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतल्या मुलांकडून एकास बहात्तर मापाचे पाच लाख लाकडी नमुने मागविले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना क्षणात ओळखता यावे म्हणून हे काळे रंगविलेले नमुने हवे होते. हिशेब सोपा होता. असा नमुना पस्तीस फुटांवरून पाहिला, की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून जसे दिसेल तसा तो दिसतो. मुलाने पंख जाड ठेवला तर तोफेवरच्या माणसाची गफलत व्हायची आणि आपलेच विमान पडायचे.

युद्धानंतर 'एअरफिक्स' या इंग्रज कंपनीने हा छंद घरोघर नेला. तिचा संस्थापक निकोलस कोव्ह हा हंगेरीतून आलेला निर्वासित. त्याने १९३९ साली सुरुवात केली ती हवा भरायच्या रबरी खेळण्यांपासून. मग कंगवे केले. १९४९ साली फर्ग्युसन कंपनीच्या विक्रेत्यांसाठी ट्रॅक्टरचा छोटा नमुना केला. १९५२ साली जहाजाचा एक सुटा संच दोन शिलिंगांना वुलवर्थच्या दुकानांत ठेवला, आणि तो असा खपला की पाठोपाठ विमाने आली. नेमकी हीच वर्षे आकाशात जेट विमानांच्या उदयाची होती. हा योगायोग माझ्यासारख्यांच्या पथ्यावर पडला.

मराठवाड्याच्या दृष्टीने १९४८ हे साल विलक्षण आहे. त्या सप्टेंबरात निजामाच्या राज्यावर भारताचे सैन्य चालून आले. आमच्याकडे त्याला अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. १३ तारखेला कारवाई सुरू झाली आणि १७ला निजामाने शरणागती दिली. त्या पाच दिवसांत सैन्याच्या मदतीला पुण्याकडून जी लढाऊ विमाने आली ती 'टेंपेस्ट', नाकावर पंखा गरगरणारी. आमच्या आधीच्या पिढीने लहानपणी ऐकलेली घरघर ती. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारताच्या हवाई दलात पहिली तीन जेट विमाने दाखल झाली, ती 'व्हॅम्पायर'. एका युगाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ असे एकाच सालात, थोड्याच महिन्यांच्या अंतराने घडले. माझ्या कपाटात टेंपेस्ट आणि व्हॅम्पायर शेजारी शेजारी ठेवली आहेत, ती एवढ्यासाठीच.

इतिहासाच्या पुस्तकाला 'व्हॅम्पायर विमाने आली' हे वाक्य पुरते. हाताने विमान करणाऱ्याला ते पुरत नाही. कोणते व्हॅम्पायर? १९४८ साली आलेली तीन विमाने मूळच्या चाळीस फुटी पंखांची होती. पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात जी बांधली गेली, त्यांचे पंख टोकाशी छाटून अडतीस फुटांचे केलेले होते. दोन फुटांचा फरक म्हणजे नमुन्यात साडेआठ मिलिमीटर, प्रत्येक बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा. तो दाणा चुकला की आपण १९४८चे विमान म्हणून दुसरेच विमान करून ठेवतो.

मग चिन्हाचा प्रश्न. १९४८ ते १९५० या काळात आपल्या विमानांवर पांढऱ्या वर्तुळात निळे अशोकचक्र असे. प्रजासत्ताक आले, हवाई दलाच्या नावातला 'रॉयल' शब्द गेला, आणि विमानांवर आजचे तिरंगी वर्तुळ आले. बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. पाण्यात भिजवून सरकवायचे ते नखाएवढे चित्र चिमट्यात धरले, की २६ जानेवारी १९५० ही तारीख आपल्या चिमट्यात आलेली असते.

व्हॅम्पायरचा आकारही विचारात पाडतो. मध्ये अंड्यासारखे धड, आणि शेपूट मात्र दोन लांब दांड्यांवर पेललेले. असे का? पहिली जेट इंजिने अशक्त होती. तापलेला वायू लांबलचक नळीतून बाहेर काढायचा तर त्याचा जोर वाटेतच कमी होई. म्हणून इंजिन वैमानिकाच्या पाठीशी बसविले, नळी आखूड ठेवली, आणि शेपूट धरायला दोन बाजूंनी दोन हात दिले. आणखी एक गोष्ट ऐकून तर सुतारालाही आनंद व्हावा. या जेट विमानाचे ते अंडे लाकडाचे होते! प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये हलके बाल्सा लाकूड. म्हणजे व्हॅम्पायरचा नमुना बाल्साचा करणारा माणूस काही प्रमाणात खऱ्याच मालात काम करीत असतो.

जेटच्या नमुन्यांची एक खोडही येथेच कळते. जुनी पंख्याची विमाने शेपटावर बसत. जेट तसे बसले तर त्याचा झोत जमिनीवर आपटणार, म्हणून त्याला नाकाखाली चाक आले. परिणामी नमुना मागच्या बाजूला उलथतो, आणि नाकात शिशाचे छर्रे भरून त्याला ताळ्यावर आणावे लागते. सांधे बुजवायला लुकण, ते घासायला काचकागद, आणि घासणे किती? नमुन्यावर एक मिलिमीटरचा उंचवटा राहिला तर खऱ्या विमानावर तो सात सेंटिमीटरचा, म्हणजे वाटी पालथी घातल्याएवढा झाला. आमच्याकडे वैशाखात घरातल्या पंख्याखालीसुद्धा रंग ब्रशावरच वाळतो, म्हणून बारीक कामे मी थंडीवर ठेवतो.

१९५३ साली फ्रान्सकडून 'उरागान' विमाने आली. त्या शब्दाचा अर्थ वादळ. आपण त्यांना 'तुफानी' म्हटले. त्यांचे पंख सरळ होते. १९५७पासून आलेल्या 'मिस्टेअर' आणि 'हंटर' विमानांचे पंख मागे झुकलेले. ध्वनीच्या वेगाजवळ हवा पंखापुढे साचून भिंतीसारखी आडवी येते. पंख मागे झुकवला की तिचा अडथळा उशिरा सुरू होतो. कपाटात तुफानी आणि हंटर शेजारी ठेवले, की हे वाक्य वाचावेच लागत नाही. चारपाच वर्षांत विमानविद्या कोठून कोठे गेली, ते डोळ्यांना दिसते.

हंटर सिडनी कॅम या इंग्रज अभियंत्याच्या हाताखाली घडले. टेंपेस्टही त्याचेच, आणि आपल्या 'विक्रांत' युद्धनौकेवरचे 'सी हॉक'ही त्याचेच. १९४८ साली मराठवाड्यावर टेंपेस्ट आले. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यात बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर सहा हंटर झेपावले. आणि १९६१च्याच नोव्हेंबरात विक्रांत मुंबईच्या बंदरात आली ती सी हॉक घेऊन लढण्यासाठी. एका माणसाच्या फळ्यावरच्या रेघा आपल्या मुलखाच्या तीन कोपऱ्यांवरून अशा गेलेल्या आहेत. हंटरच्या नाकाखाली दोन फुगवटे असतात. नवशिक्याला ते शोभेचे वाटतात आणि तो ते घासून टाकतो. तोफा चालताना काडतुसांच्या कड्या बाहेर पडून विमानाला लागू नयेत, म्हणून त्या साठवायची ती जागा. नमुन्यातला फुगवटा असा एकदा समजला, की घासायला हात धजत नाही.

आता सर्वांत लहान विमानाकडे येऊ. 'नॅट' हे फॉलंड कंपनीचे विमान, पेटर या अभियंत्याने आखलेले. त्याचे म्हणणे होते की लढाऊ विमाने उगाच जाड आणि महाग होत चालली आहेत. १९५५ साली ते उडाले. इंग्लंडच्या हवाई दलाने त्यातून दोन आसनी शिकाऊ विमान करून घेतले; एक आसनी लढाऊ नॅट मोठ्या संख्येने वापरले ते भारताने, आणि बंगलोरला बांधलेही. १९६५च्या युद्धात ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून सेबर विमानावर मारा केला, आणि हे चिमुकले विमान घरोघर ठाऊक झाले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर सहा सेबर चालून आली असता फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊन वर गेले आणि लढताना पडले. हवाई दलाला मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे.

नॅटचा जुना, सहज मिळणारा संच इंग्लंडच्या शिकाऊ विमानाचा असतो. त्याचे पंख चोवीस फुटांचे, सेखोंच्या विमानाचे बावीस फूट आणि वर इंचभर. लांबीत तीन फुटांहून अधिक फरक. त्या संचावर तिरंगी चिन्हे चिकटवून 'भारतीय नॅट' म्हणून दिवाणखान्यात ठेवणे सोपे आहे, आणि पाहुण्यांपैकी कोणालाही ते कळायचे नाही. पण मग आपण सेखोंना दुसऱ्याच विमानात बसविले असे होते. म्हणून नॅट करताना मी धड कापतो, मागचे आसन काढतो, पंख नव्याने घासतो. हवा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांच्या ओठांत एकेक तोफ कोरतो, कारण ती खऱ्या विमानात तेथेच होती. हे होईतो महिना जातो. तयार झालेला नॅट सव्वाशे मिलिमीटरही भरत नाही. एक इंचाचा वैमानिक त्याच्या खोबणीत बसविला, की खांद्यांना दोन्ही बाजू जवळजवळ टेकतात. एवढ्याशा जागेत बसून एक माणूस सहांच्या अंगावर गेला, हे मला कोणत्याही वर्णनापेक्षा त्या खोबणीने अधिक स्पष्ट सांगितले.

कपाटातले वीतभर विमान म्हणजे 'मारुत'. भारतात आखले आणि बांधले गेलेले पहिले जेट लढाऊ विमान. बंगलोरच्या कारखान्यात विमाने आखण्याची परंपरा त्याआधीच सुरू झाली होती, आणि तिच्या मुळाशी एक मराठी माणूस होता. डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या वायुगतीच्या आचार्यांपाशी शिकून आले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले 'एचटी-२' हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले, आणि पुढे १९६४ साली 'किरण' हे शिकाऊ जेट. मारुतसाठी १९५६ साली कुर्ट टँक हा नामवंत जर्मन अभियंता बंगलोरला आला.

नमुने करणाऱ्याला मारुतची कथा विशेष प्रिय असते, कारण मारुतच्या आधी मारुतचा नमुना झाला. खऱ्या विमानाच्याच लांबीरुंदीचे, पण लाकडाचे आणि इंजिन नसलेले ग्लायडर बांधले गेले. ३ एप्रिल १९५९ रोजी डाकोटा विमानाच्या मागे दोराने बांधून ते वर नेले आणि सोडले. अशी ७८ उड्डाणे झाली. "याचा उपयोग काय?" असे त्या लाकडी विमानाकडे पाहून कोणी विचारले असते, तर उत्तर दोन वर्षांनी आकाशात मिळाले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरे मारुत उडविले.

मारुत दिसायला देखणे होते. त्याची कंबर बारीक आणि नाक लांब. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जावे अशा हिशेबाने ती देहयष्टी आखली होती. पण त्याजोगते इंजिन मिळाले नाही. इंग्लंडमध्ये योजलेले इंजिन बारगळले, इतर खटपटी फळल्या नाहीत, आणि अखेर नॅटच्याच घराण्यातली दोन ऑर्फियस इंजिने त्यात बसवावी लागली. १० जानेवारी १९७० रोजी अधिक जोराच्या इंजिनांची चाचणी घेत असतानाच सुरंजन दास यांचे विमान कोसळले आणि ते गेले. बंगलोरमधल्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. मारुत १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढले. एकूण १४७ बांधले गेले. नॅट आणि मारुत शेजारी ठेवून दोघांच्या मागच्या तोंडांत डोकावले, की एकाला एक भोक आणि दुसऱ्याला तशीच दोन दिसतात. एवढ्या उमद्या देहाला एवढाच श्वास! आपल्या उद्योगाच्या त्या काळातल्या हिमतीची आणि अडचणीची गोष्ट त्या तीन भोकांत साठवलेली आहे.

एक आसनी नॅटसारखाच मारुतचाही संच सहज मिळत नाही. म्हणून मोजमापे शोधावी लागतात, छायाचित्रे जमवावी लागतात. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मारुत ठेवलेले आहे. जर्मनीतही एक जपून ठेवले आहे. पंधरा मीटर सत्याऐंशी सेंटिमीटर लांबीला बहात्तरांनी भागले की बावीस सेंटिमीटर येतात. पॉम्पेईच्या त्या मूर्तीपेक्षा दोनच सेंटिमीटर कमी.

आता उपयोगाविषयी शेवटचे. विक्रांत २००१पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ साली ती बंद झाली आणि २०१४ साली तोडायला निघाली. ओझरच्या ज्या कारखान्याने नाशिककरांच्या डोक्यावरून वर्षानुवर्षे मिग-२१ पाठविली, त्या मिगांनाही २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप देण्यात आला. पोलाद भंगारात जाते, हा त्याचा धर्म आहे. उरतात त्या आठवणी, आणि आठवणींची खोड अशी की त्या दिवाळीच्या किल्ल्यासारख्या वाढतात. आवडता मावळा बुरुजाएवढा होतो, आणि नावडता दिसेनासा. मोजून केलेला नमुना तेवढे होऊ देत नाही. तो शौर्याला फुगवत नाही आणि उणीव झाकत नाही. व्हॅम्पायरचे लाकूड, नॅटची अरुंद खोबण आणि मारुतचा अपुरा श्वास तो एकाच पटीने दाखवतो.

गल्लीतल्या मुलांना मी हल्ली एक काम देतो. पट्टी हातात द्यायची, नॅटचा पंख मोजायला सांगायचा आणि बहात्तरांनी गुणायला लावायचे. उत्तर आले की तेवढे अंतर अंगणात खडूने आखायचे. त्या दोन खुणांच्या मध्ये उभे राहून हात पसरले, की मूल आपसूक पुढचा प्रश्न विचारते, "आणि ह्याच्यात बसून ते लढले?" तो प्रश्न आला, की माझे काम झाले असे मी समजतो.